पाठ्यपुस्तकातील समाज : प्रस्तावना

शालेय वर्गात राजकीय विचारसरणीला स्थान असावे की नसावे, हा वाद महाराष्ट्रात दर काही वर्षांनी नव्या निमित्ताने उफाळतो, आणि दर वेळी तो प्रथमच उपस्थित झाल्यासारखी चर्चा होते. २०१० साली निमित्त दादोजी कोंडदेव यांचे होते, २०१७ साली सातवीच्या पुस्तकातून आक्रसलेल्या मुघलांचे, २०२४ साली राज्य अभ्यासक्रम आराखड्याच्या मसुद्यात आलेल्या मनुस्मृतीतील श्लोकाचे, तर २०२५ साली पहिलीपासून शिकवायच्या हिंदीचे. निमित्ते वेगळी असली तरी त्यांच्या मुळाशी असलेले प्रश्न दोनच आहेत : मुलांच्या हाती पडणाऱ्या पुस्तकात कोणता समाज दिसावा, आणि तो कसा दिसावा हे ठरवण्याचा अधिकार कोणाचा.

या विवेचनात दोन संज्ञा वारंवार येणार असल्याने त्यांचा अर्थ आरंभीच निश्चित करणे इष्ट ठरेल. समाज कसा आहे, तो तसा का झाला आणि तो कसा असायला हवा, या तीन प्रश्नांची एकमेकांत गुंतलेली उत्तरे म्हणजे विचारसरणी. एखाद्या पक्षाचा प्रचार हा तिचा एक उथळ आविष्कार असू शकतो, पण दोन्ही एकच नव्हेत, कारण प्रचार वगळता येतो आणि विचारसरणी मात्र धड्यांच्या निवडीतच वस्तीला असते. दुसरी संज्ञा समुदाय-अभ्यास ही होय. जात, धर्म, भाषा किंवा वंश यांमुळे ज्या समूहांना मुख्य इतिहासकथनात जागा मिळाली नाही, त्यांचा इतिहास त्यांच्या स्वतःच्या साधनांच्या आधारे शिकवणे, असा तिचा अर्थ येथे घेतला आहे. अमेरिकेत या विषयाला स्वतंत्र नाव, स्वतंत्र तासिका आणि आता स्वतंत्र कायदाही लाभला आहे. महाराष्ट्रात तसा विषय वेळापत्रकात नाही; परंतु त्यावरचा वाद मात्र येथे शंभर वर्षांहून अधिक काळ चालू आहे, आणि त्याचा माग काढण्यासाठी जयसिंगपूर व त्याच्या आसपासचा शिरोळ तालुका यांच्याइतका सोयीचा प्रदेश क्वचितच सापडेल.

जयसिंगपूर हे राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ साली, आपले जन्मदाते वडील कागलचे जयसिंगराव ऊर्फ आबासाहेब घाटगे यांच्या नावाने, मिरज-कोल्हापूर लोहमार्गालगत वसवलेले गाव. आखीव रस्ते आणि क्रमांकाने ओळखल्या जाणाऱ्या गल्ल्या यांमुळे ते जुन्या गावठाणांहून वेगळे दिसते. व्यापारपेठ म्हणून वसवलेल्या या गावात आणि भोवतालच्या कृष्णा-पंचगंगेच्या काळ्या रानात मराठा, जैन, लिंगायत, मुस्लिम, धनगर, महार, मातंग, चर्मकार असे अनेक समाज एकमेकांना खेटून राहत आले. घरात कन्नड आणि बाजारात मराठी बोलणारी कुटुंबे येथे नवलाची नाहीत. हाकेच्या अंतरावरचे कुरुंदवाड त्या काळी पटवर्धनांचे स्वतंत्र संस्थान होते. आजही हे गाव राजकारणापासून अलिप्त राहू शकत नाही, कारण दरवर्षीची ऊस परिषद येथेच भरते आणि उसाच्या दराची चर्चा शाळेतल्या मुलांच्या घरात पाठ्यपुस्तकाच्या आधी पोचते.

ज्या १९१७ साली हे गाव वसले, त्याच वर्षी शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानात सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा निर्णय घेतला आणि मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंडाची तरतूद केली. शाळा राजकारणापासून दूर ठेवावी असे म्हणणाऱ्यांनी या घटनेचा नीट विचार करायला हवा. १९०२ साली संस्थानच्या नोकऱ्यांत मागासलेल्या वर्गांसाठी पन्नास टक्के जागा राखून ठेवणाऱ्या, वेदोक्त प्रकरणात पुरोहितवर्गाच्या मक्तेदारीला आव्हान देणाऱ्या आणि १९१९ साली अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून त्यांच्या मुलांना सर्वांच्या शाळेत बसवणाऱ्या राजाने उघडलेली ही शाळा होती. ती उघडणे हीच एक राजकीय कृती होती, आणि तिच्या विरोधकांनाही ते पुरते ठाऊक होते. त्याच १९१९ साली महाराजांनी राजाराम कॉलेजची व्यवस्था आर्य समाजाकडे सोपवली. हा निर्णय आजच्या निकषांवर निर्विवाद ठरणार नाही, पण शिक्षणसंस्था कोणत्या विचारांच्या हाती आहे याला किती महत्त्व असते, याची जाणीव त्यातून स्पष्ट दिसते. त्याआधी १८८२ साली हंटर आयोगापुढे निवेदन देताना महात्मा फुले यांनी, शेतकऱ्यांच्या करातून जमलेला पैसा वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर खर्च होतो आणि प्राथमिक शिक्षण उपाशी राहते, हे दाखवून दिले होते. बहुजनांसाठी शाळा निघाली ती विचारसरणीच्या बळावर. तिच्या विरहित शाळेची कल्पना या प्रदेशाच्या इतिहासाशी जुळत नाही.

समुदाय-अभ्यासाचा प्रश्नही याच काळात, पाठ्यपुस्तकांऐवजी वसतिगृहांच्या रूपाने, पुढे आला. १९०१ सालच्या व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंगपासून कोल्हापुरात जैन, मुस्लिम, लिंगायत, आणि १९०८ साली अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग अशी समाजनिहाय वसतिगृहे उभी राहिली. प्रत्येक समाजाने आपल्या मुलांची सोय आपण करावी, राज्याने तिला जागा आणि अनुदान द्यावे, म्हणजे ज्यांच्यात शिक्षणाची परंपराच नाही त्यांच्यातून पहिली शिकलेली पिढी निघेल, हा त्यामागचा विचार होता आणि तो फळाला आला. कुरुंदवाडचे अण्णासाहेब लठ्ठे हे या जैन शिक्षणचळवळीचे एक शिल्पकार. १८९९ साली स्थापन झालेल्या दक्षिण भारत जैन सभेच्या कार्यात ते अग्रभागी होते, पुढे कोल्हापूरचे दिवाण झाले आणि १९३७ साली मुंबई प्रांताचे अर्थमंत्री. समाजनिहाय संस्थेतून घडलेले कर्तृत्व समाजाच्या सीमेत कोंडून राहत नाही, याचे ते उदाहरण होय.

पण याच व्यवस्थेची मर्यादा दाखवणारा विद्यार्थीही त्याच जैन बोर्डिंगमध्ये राहत होता. जयसिंगपूरपासून फार दूर नसलेल्या कुंभोज येथे १८८७ साली जन्मलेले भाऊराव पाटील, म्हणजे पुढचे कर्मवीर, मिस क्लार्क बोर्डिंगच्या समारंभाला जाऊन परतले तेव्हा त्यांना आत येण्यापूर्वी स्नान करण्यास सांगण्यात आले, त्यांनी नकार दिला आणि त्यांना वसतिगृह सोडावे लागले, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. त्या वसतिगृहाच्या कोणत्याही अभ्यासक्रमात अस्पृश्यतेचा धडा नव्हता. तो दारातल्या पाण्याच्या बादलीतून शिकवला जात होता. शिक्षणशास्त्रात याला छुपा अभ्यासक्रम म्हणतात : पुस्तकात न लिहिलेले, पण बसण्याच्या जागा, जेवणाच्या पंगती, भिंतीवरच्या तसबिरी आणि शिक्षकांच्या बोलण्याची ढब यांतून मुलांच्या मनात मुरणारे शिक्षण. भाऊरावांनी त्यावर शोधलेला उपाय म्हणजे १९१९ साली स्थापन केलेली रयत शिक्षण संस्था आणि १९२४ साली साताऱ्यात सुरू केलेले, सर्व जातिधर्मांच्या मुलांना एका पंगतीत जेवू घालणारे वसतिगृह, ज्याला १९२७ साली महात्मा गांधींच्या हस्ते छत्रपती शाहू बोर्डिंग हे नाव मिळाले.

शाहूंची समाजनिहाय वसतिगृहे आणि त्यांच्याच नावाने निघालेले भाऊरावांचे सर्वसमावेशक वसतिगृह, या दोन रचनांमधील ताण हाच समुदाय-अभ्यासाच्या आजच्या जागतिक वादाचाही गाभा आहे. वंचित समूहाला आधी स्वतःची जागा, स्वतःचा इतिहास आणि स्वतःविषयीचा विश्वास हवा असतो. आणि त्याच जागेच्या भिंती पुढे उंच झाल्या तर शेजारचा मुलगा अनोळखी राहतो. या ताणातून एक पक्ष निवडून दुसरा रद्द करणे शहाणपणाचे ठरत नाही. कोल्हापूर-सातारा परिसराने दोन्ही रचना एका पिढीच्या अंतराने अनुभवल्या, आणि पहिलीशिवाय दुसरी उभी राहिली असती असे मानण्यास काही आधार नाही.

स्वातंत्र्योत्तर काळात हा वाद वसतिगृहातून पुस्तकात आला. १९६७ साली पुण्यात पाठ्यपुस्तक मंडळ, म्हणजे बालभारती, स्थापन झाले आणि राज्यभर एकच पुस्तक वाचले जाऊ लागले. चौथीचे ‘शिवछत्रपती’ हे पुस्तक १९७० पासून, दीर्घकाळ फारसा बदल न होता, पिढ्यानपिढ्या मुलांच्या हाती राहिले. मराठी मुलाच्या इतिहासदृष्टीवर या एका पुस्तकाचा जितका परिणाम झाला तितका पुढच्या साऱ्या पदव्यांचा होत नाही, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. नऊ-दहा वर्षांच्या वयात वाचलेली प्रतापगडाची भेट जन्मभर डोळ्यांसमोर राहते. सप्टेंबर २००९ मध्ये मिरजेत गणेशोत्सवाच्या कमानीवरील अफजलखान वधाच्या चित्रावरून दंगल उसळली आणि तिचे लोण सांगली, इचलकरंजी, कोल्हापूरपर्यंत पोचले, तेव्हा रस्त्याच्या दोन्ही बाजूंना उभे असलेले बहुतेक तरुण तोच धडा वाचून मोठे झालेले होते. खानाचा वकील कृष्णाजी भास्कर होता, शहाजीराजे स्वतः आदिलशाहीचे सरदार होते, आणि ती लढाई दोन सत्तांमधील होती, हे कोणत्याही जाणत्या शिक्षकाला ठाऊक असते. परंतु कमानीवरच्या चित्रात ते मावत नाही, आणि वर्गात ते सावकाश समजावण्यास तासिका पुरत नाही.

दादोजी कोंडदेव यांच्या प्रकरणात हीच उणीव अधिक ठळकपणे दिसते. समकालीन कागदपत्रांत दादोजी हे जहागिरीचा कारभार पाहणारे आणि निवाडे करणारे अधिकारी म्हणून आढळतात, तर त्यांची गुरू ही प्रतिमा मुख्यतः नंतरच्या बखरींतून घडली. ब्राह्मणेतर चळवळीतील अभ्यासक आणि संघटना यांनी या प्रतिमेवर आक्षेप घेतला. चौथीच्या पुस्तकातील मजकूर बदलला. उत्कृष्ट क्रीडा प्रशिक्षकाला त्यांच्या नावाने दिला जाणारा राज्य पुरस्कार थांबला. आणि डिसेंबर २०१० मध्ये पुण्याच्या लाल महालातील पुतळा रात्रीतून हलवण्यात आला. आक्षेपाला आधार होता. पण पुस्तकात झाले ते इतकेच की, एका आवृत्तीतील ठाम विधान पुढच्या आवृत्तीत नाहीसे झाले. ते का बदलले, समकालीन पत्र आणि शंभर वर्षांनंतर लिहिलेली बखर यांत इतिहासकार कोणाला अधिक वजन देतो आणि का, हा इतिहासाचा सर्वांत सुंदर धडा ठरू शकला असता. तो मात्र कोणत्याच पुस्तकात आला नाही. वर्गाने जे सांगितले नाही ते सांगण्याचे काम मग वर्गाबाहेरच्या पुस्तिका आणि व्यासपीठे करू लागली. कोल्हापूरच्या गोविंद पानसरे यांची १९८८ ची ‘शिवाजी कोण होता?’ ही पुस्तिका अशा वर्गाबाहेरच्या शिक्षणाचा सर्वांत प्रभावी नमुना होती. फेब्रुवारी २०१५ मध्ये त्यांच्यावर गोळ्या झाडण्यात आल्या आणि त्यातच त्यांचा अंत झाला. विचारांचे उत्तर विचाराने देण्याची सवय समाजाने शाळेत कमावली नाही, तर ती पुढे कोठे कमावायची हा प्रश्न त्या हत्येने अतिशय क्रूरपणे पुढे ठेवला.

येथे एक भेद करणे अत्यावश्यक आहे, आणि या विषयावरील बहुतेक वादंग तो न केल्यामुळे भरकटतात. पाठ्यपुस्तकाबाबत समुदाय दोन प्रकारच्या मागण्या करतात. ‘आम्ही यात नाही, आम्हाला घ्या’ ही समावेशाची मागणी. ‘हे आम्हाला खुपते, ते काढा’ ही नकाराधिकाराची मागणी, म्हणजे सत्य-असत्याची शहानिशा न करता केवळ भावनेच्या आधारे मजकूर रोखण्याचा हक्क सांगणे. सावित्रीबाई, ताराबाई शिंदे, शाहू, आंबेडकर पुस्तकांत आले ते पहिल्या मागणीमुळे, आणि त्यामुळे पुस्तक अधिक खरे झाले. दुसऱ्या मागणीने पुस्तक आकुंचन पावते. दोन्ही मागण्या एकाच मोर्चात आणि एकाच निवेदनात येऊ शकतात, म्हणून त्यांना वेगळे ओळखणे कठीण जाते. २०१७ च्या सातवीच्या पुस्तकाचे समर्थन करताना, राज्य मंडळाच्या पुस्तकाने भारताचा इतिहास महाराष्ट्राच्या केंद्रातून पाहावा, असे सांगितले गेले. हा समावेशाचा युक्तिवाद आहे आणि त्यात तथ्यही आहे. मात्र त्या केंद्राला जागा करून देण्यासाठी मुघल सत्तेचा इतिहास इतका संक्षिप्त होतो की, मराठे पंचवीस-तीस वर्षे नेमक्या कोणत्या साम्राज्याशी झुंजले, त्याचे सामर्थ्य कशात होते, हेच मुलाला कळत नाही, तेव्हा झळाळी मराठ्यांच्याच पराक्रमाची उणावते.

शिरोळच्या सीमेपलीकडे, कर्नाटकात, हाच प्रकार अलीकडे अधिक उघडपणे घडला. २०२२ साली तेथील पुनर्रचना समितीने बदललेल्या पुस्तकांतील बसवेश्वरांच्या धड्यावर लिंगायत मठाधीशांनी आक्षेप घेतला; उपनयन नाकारणाऱ्या समाजक्रांतिकारकाची धार त्यात बोथट झाली, असे त्यांचे म्हणणे होते; समिती विसर्जित झाली, आणि २०२३ साली सरकार बदलताच हेडगेवार आणि सावरकर यांच्याविषयीचे धडेही गेले. बेळगाव-चिक्कोडी भागातील मराठी माध्यमाच्या शाळांतही कर्नाटक राज्याचेच पुस्तक मराठीतून चालते. नदीच्या दोन काठांवर सोयरिकी असलेल्या लिंगायत कुटुंबातील दोन भावंडे त्यामुळे दोन वेगवेगळे बसवेश्वर वाचतात, आणि कोणत्या सरकारच्या काळात कोण शाळेत होता यावरही ते अवलंबून राहते.

अमेरिकेतील घडामोडींचा उल्लेख येथे थोडक्यात पुरे होईल. १९६८ साली सॅन फ्रान्सिस्को स्टेट महाविद्यालयातील विद्यार्थ्यांच्या दीर्घ संपातून समुदाय-अभ्यासाचा विषय जन्मला. २०१० साली ॲरिझोना राज्याने ट्यूसॉनच्या शाळांतील मेक्सिकन-अमेरिकन अभ्यासवर्ग कायद्याने बंद पाडले आणि २०१७ साली न्यायालयाने ती कारवाई घटनाबाह्य ठरवली. २०२१ साली कॅलिफोर्नियाने, निधीची अट ठेवून, समुदाय-अभ्यास माध्यमिक शाळांत सक्तीचा करणारा कायदा केला. मराठी वाचकाला अधिक जवळचा प्रसंग २००५-०६ चा आहे. कॅलिफोर्नियाच्या सहावीच्या पुस्तकांतील प्राचीन भारताच्या वर्णनात काही हिंदू संघटनांनी दुरुस्त्या सुचवल्या, त्यांपैकी काही खऱ्या चुकांच्या होत्या, तर जातिव्यवस्था आणि स्त्रियांचे स्थान यांविषयीच्या दुरुस्त्यांना इतिहासकारांनी आणि दलित संघटनांनी तीव्र विरोध केला. परदेशात अल्पसंख्य असलेल्या समुदायाची समावेशाची मागणी त्याच समुदायातील दुर्बलांच्या बाबतीत नकाराधिकार ठरू शकते, हे त्या वादाने दाखवले. समुदाय म्हणजे एकसंध मत नव्हे, ही जाणीव या विषयाच्या प्रत्येक अभ्यासकाने बाळगायला हवी.

भारतीय राज्यघटनेने या क्षेत्रात काही मर्यादा आखून दिल्या आहेत. अनुच्छेद २८ नुसार संपूर्णपणे सरकारी निधीतून चालणाऱ्या शिक्षणसंस्थेत धार्मिक शिक्षण देता येत नाही. अनुच्छेद ३० अल्पसंख्याकांना स्वतःच्या संस्था चालवण्याचा हक्क देतो. २००२ साली अरुणा रॉय प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने धर्माचे शिक्षण आणि धर्मांविषयीचे शिक्षण यांत फरक केला : पहिले श्रद्धा रुजवते, दुसरे माहिती देते, आणि घटनेची बंदी पहिल्यापुरती आहे. २०२४ च्या मसुद्यावरील वाद नेमका या रेषेवर होता. गीतेतील अध्याय आणि मनाचे श्लोक यांचे पाठांतर सुचवले गेले, त्यात मनुस्मृतीतील श्लोकाची भर पडली, आणि ज्या महाडला १९२७ साली डॉ. आंबेडकरांनी मनुस्मृतीचे दहन केले त्याच महाडला मे २०२४ मध्ये पुन्हा आंदोलन झाले. मनुस्मृतीचा समावेश होणार नाही, असे शासनाला जाहीर करावे लागले. ज्या ग्रंथाने कोट्यवधींना विद्येचा अधिकार नाकारला तो विद्यार्थ्यांनी अभ्यासावा, चिकित्सेने अभ्यासावा, यात गैर काही नाही. त्यातील वचन मूल्यशिक्षणाच्या प्रकरणाच्या माथ्यावर आदर्श म्हणून झळकावे, हे मात्र त्या कोट्यवधींच्या मुलांना त्याच वर्गात बसवून करता येणार नाही. आराखडे, समित्या आणि शासन निर्णय यांची कारणमीमांसा प्रसिद्ध करण्याची प्रथा असती, तर श्लोक कोणी आणि का निवडला याचे उत्तर मागण्यास रस्त्यावर उतरावे लागले नसते. २०२५ साली १६ एप्रिल आणि १७ जून या दोन शासन निर्णयांनी आलेली हिंदी २९ जूनला मागे घ्यावी लागली, तिथेही निर्णय आधी आणि समिती नंतर असाच क्रम होता.

या सर्व वादांत शिक्षकाचा आवाज सर्वांत क्षीण असतो, आणि ही गोष्ट विशेष खंत करण्याजोगी आहे. जिल्हा परिषदेच्या शाळेतला शिक्षक रोज सकाळी परिपाठ घेतो : राष्ट्रगीत, प्रतिज्ञा, संविधानाची उद्देशिका, सुविचार, दिनविशेष. दिनविशेषात २६ जून आला की शाहू, ३ जानेवारी आला की सावित्रीबाई. त्या दोन मिनिटांत तो काय सांगतो, कोणाची जयंती उत्साहाने आणि कोणाची उरकून होते, यावर पाठ्यपुस्तक मंडळाचे नियंत्रण नसते. समुदाय-अभ्यास या राज्यात खऱ्या अर्थाने परिपाठात चालतो, आणि त्यासाठी शिक्षकाला प्रशिक्षण किंवा संरक्षण यांपैकी काहीच मिळत नाही.

साधने मात्र शिरोळ तालुक्यात मुबलक आहेत. खिद्रापूरच्या कोपेश्वर मंदिरात शिलाहारकालीन शिल्पे आणि यादव राजा सिंघण याचा शिलालेख आहे, त्याच गावात जैन मंदिर आहे, आणि परिसरातील जुन्या लेखांत कन्नड व संस्कृत दोन्ही भाषा भेटतात. नृसिंहवाडीचे दत्तमंदिर विजापूरच्या आदिलशहाच्या आश्रयाने उभे राहिले अशी परंपरा आहे. कुरुंदवाडमध्ये मशिदींत गणपती बसवण्याची रीत आजही पाळली जाते. यांतील शिलालेख हे लिखित साधन, मंदिर हे भौतिक साधन आणि आदिलशहाची कथा हे मौखिक साधन. सहावी, सातवी आणि आठवीच्या इतिहासाच्या पुस्तकांत ‘इतिहासाची साधने’ हे प्रकरण येते आणि मुले हे तीन प्रकार चोख पाठ करतात. अडचण पुढे आहे. त्यानंतरच्या प्रकरणांतील कोणते विधान कोणत्या साधनावर उभे आहे, हे पुस्तक सांगत नाही आणि परीक्षा विचारत नाही. दहावीच्या पुस्तकात इतिहासलेखनाच्या पाश्चात्त्य आणि भारतीय परंपरा येतात. रांके, मार्क्स, फूको यांच्यापासून वसाहतवादी, राष्ट्रवादी, मार्क्सवादी, वंचितांच्या आणि स्त्रीवादी इतिहासलेखनापर्यंत सर्व दृष्टिकोन पंधरा वर्षांच्या मुलापुढे ठेवले जातात. हे धाडस देशातील फार थोड्या मंडळांनी केले असेल, आणि त्याचे श्रेय ते पुस्तक घडवणाऱ्यांना निःसंकोच द्यायला हवे. पण बहुसंख्य मुलांचा इतिहास दहावीलाच संपतो. म्हणजे इतिहास कसा लिहिला जातो हे त्यांना विषय सुटण्याच्या वर्षी कळते, आणि तेही ‘टिपा लिहा’ या प्रश्नापुरते.

प्रस्तुत पुस्तकातील पुढील प्रकरणे या अंतराचा विचार करतात. तिसरीत मुलाला जिल्हानिहाय परिसर अभ्यासातून कोल्हापूर जिल्हा भेटतो, चौथीत शिवछत्रपती भेटतात, दहावीत इतिहासलेखनाच्या परंपरा भेटतात. मधल्या पाच वर्षांत खिद्रापूरचा लेख, नृसिंहवाडीची आख्यायिका, जैन बोर्डिंगचा दरवाजा आणि दादोजींविषयीची दोन मते वर्गात आणता येतील का, ती आणणाऱ्या शिक्षकाच्या पाठीशी कोणता नियम उभा राहील, आणि त्यावर आक्षेप आल्यास तो कोणापुढे, किती दिवसांत आणि कोणत्या पुराव्यानिशी ऐकला जाईल, हे प्रश्न त्यांत एकेक करून तपासले आहेत.